बॅस्टिल पडला तेव्हा गोव्यात काय चाललं होतं?

फोंड्याची बाई
नववीला फ्रेंच राज्यक्रांती शिकवत होते. 14 जुलै 1789, बॅस्टिल, पावाची टंचाई, सगळं फळ्यावर लिहून झालं आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, तेव्हा आमच्या गोव्यात काय चाललेलं?" धड्यात याचं उत्तर नाही. मी सांगितलं, दोनच वर्षं आधी, 1787 मध्ये, कांदोळीच्या पिंटो घराण्याचं बंड उठण्याआधीच फुटलं. गोमंतकीय पाद्र्यांना वरची पदं मिळत नव्हती, म्हणून पोर्तुगिजांनाच हाकलायचा तो कट. 1788 च्या डिसेंबरात पणजीत 15 जणांना फाशी झाली. वर्ग चिडीचूप. 'कारणे लिहा' पाठ करून घेताना अशी शांतता मला कधी मिळालेली नाही. जगाचा इतिहास आपल्या अंगणातूनच सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे.

डिचोलीकर
बाई, नाही पटलं. पिंटोंच्या बंडामागची तक्रार पदांची आणि मानाची. फ्रान्समध्ये भांडण जन्मानेच मिळणाऱ्या सवलतींशी होतं: कराचं ओझं तिसऱ्या वर्गावर म्हणजे सामान्य लोकांवर, सूट पाद्री-सरदारांना. दोन्ही शेजारी ठेवलीत की मुलं 'दोन्ही उठाव सारखेच' असं लिहून मोकळी होतात. मी पेपर तपासतो, डोळ्यांनी वाचलंय. आणि हैती, ती कॅरिबियनमधली फ्रान्सची वसाहत? तिथे 1791 मध्ये उसाच्या मळ्यांतले गुलाम उठले. फ्रान्सने 1794 ला गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने 1802 ला परत आणली, तरी 1804 ला हैती स्वतंत्र झालाच. 'सगळी माणसं समान' म्हणजे नेमकी कोण, हे त्या गुलामांनी फ्रान्सला विचारलं. याला तुमच्या अंगणात जोड कुठून आणणार?

फोंड्याची बाई
अंगणातूनच. मोझांबिकहून आणलेले गुलाम इथल्या घरांतही होते. मुलांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

कुळागरवाला
माझं वय 74. दोघांचंही वाचलं. आजोबा सांगायचे, 5 ऑक्टोबर 1910 ला लिस्बनमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना सरकारी नोकरीची दारं उघडली. घरात त्याचा फार मोठा अभिमान. पण आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे. पावसाआधी घर माडाच्या चुडतांनी शाकारायचं तरी आई भाटकाराच्या दारात उभी राहून विचारायची. "घाल" म्हणेपर्यंत चुडतांचा भारा तसाच अंगणात पडून असायचा. घर सोड म्हटलं तर सोडावं लागेल, ही धास्ती कायम. मुंडकार कायदा आला 1975 ला. म्हणजे 1910 नंतर 65 वर्षांनी. क्रांती कुठे झाली त्यापेक्षा ती कुणाच्या दारापर्यंत पोचली नाही, हे मुलांना आधी विचारायला शिकवा.

डिचोलीकर
काका, हे मात्र शंभर टक्के मान्य. म्हणूनच तर मी हैतीवर अडून बसलोय.

फोंड्याची बाई
मग सोमवारी मुलांना घरी विचारून यायला सांगते, तुमच्या घराखालची जमीन आजोबांच्या वेळी कुणाची होती.

डिचोलीकर
विचारा, पण आधी हैती शिकवा. तो धडा दूरचा आहे, तिथे मुलं मोकळेपणी बोलतील. हा प्रश्न थेट टाकलात तर भाटकाराची नात आणि मुंडकाराचा नातू एकाच बाकावर बसलेले असतील. डबा खायच्या सुट्टीत त्या दोघांना तुम्ही काय सांगणार?