आरएक्स १०० : दुसरा गिअर सुटतो, इंजिनची केस (बाहेरचे धातूचे कवच) उघडली आहे, जोडण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न :
माझ्या १९९४ सालच्या यामाहा आरएक्स १०० चा दुसरा गिअर चढावर रेस दिली की सुटतो आणि इंजिन नुसतेच ओरडते. बाकीचे तीन गिअर व्यवस्थित आहेत. केस उघडून गिअर बसवलेले दोन्ही शाफ्ट (दांडे) काढले, तेव्हा ट्रेमध्ये एक पातळ वॉशर सुटा सापडला आणि तो कुठला, हे कळेना. दुसऱ्या गिअरचे दाते तर नव्यासारखे दिसतात. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, तेवढा एक गिअर बदलून केस बंद करा. तसे चालेल का?

उत्तर १ :
दाते चांगले दिसणारच, कारण ते कायम एकमेकांत अडकलेले असतात. गिअर पडतो तो एक गिअर शाफ्टवर सरकून त्याचे डॉग (बाजूला आलेले जाड खुंट) शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरल्यामुळे. डॉगच्या कडेवरून नख फिरवून पाहा. कड गोलसर आणि चकचकीत झाली असेल, तर भार येताच डॉग बाहेर ढकलला जातो. समोरची खाचही त्याच मापाने झिजलेली असते, म्हणून दोन्ही गिअर बदलावेत. गिअरला शाफ्टवर सरकवणाऱ्या फोर्कच्या (दुपायी चिमट्याच्या) पायांवर निळसर डाग असेल, तर तो घासून तापलेला आहे, बहुधा वाकलेलाही. तो तसाच ठेवला तर नवे डॉग अर्धेच बसतील आणि खर्च पाण्यात जाईल. फोर्क ज्यावर सरकतो ती दांडी काचेवर लोळवली की सरळ आहे का, ते लगेच समजते.

उत्तर २ :
वॉशर अंदाजाने बसवू नका. शाफ्टच्या टोकाचा वॉशर ऑइलमुळे बेअरिंगला चिकटून राहतो आणि नंतर गळून पडतो, त्यामुळे त्याच्यावरचा घासल्याचा गोल कुठल्या गिअरच्या तोंडाशी जुळतो ते पाहून पार्ट्स बुकातील आकृतीशी ताडून घ्या. सर्क्लिप (गिअर जागेवर धरणाऱ्या, शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या गोल क्लिपा) मात्र नव्याच घ्याव्यात. त्यांची एक कड धारदार आणि दुसरी किंचित गोल असते. धारदार कड गिअरच्या दाबाच्या विरुद्ध बाजूस यावी. घाईत नेमके हेच उलटे होते.

उत्तर ३ :
केसची दोन्ही अंगे स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली नसतील अशी आशा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात त्या सांध्यातून हवा शिरली, तर मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी) पिस्टन जाम होऊ शकतो. इंजिन एवढे खोललेच आहे, तर क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) ऑइल सीलही बदलून टाका; क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो. केस बंद करण्यापूर्वी आणि नंतरही एका हाताने शाफ्ट फिरवत सर्व गिअर टाकून पाहा. शाफ्ट स्थिर ठेवला तर डॉग खाचेसमोर येत नाहीत आणि विनाकारण शंका येते.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. फोर्कच्या एका पायावर नखाएवढा निळा डाग निघाला आणि दांडी काचेवर सरळ लोळली. फोर्क, दोन्ही गिअर, सर्क्लिप आणि सील मागवले आहेत. वॉशरवरचा गोल किक शाफ्टच्या गिअरशी जुळला. मी तो मेन शाफ्टवर चढवायच्या बेतात होतो.