जुनी सेमी-हॉलो गिटार घेतली, पाठीला झाकणच नाही! आधी काय बदलू?

हौशी_सहातारा

मंडळी, गेल्या महिन्यात एक वापरलेली सेमी-हॉलो (अर्धपोकळ अंगाची) इलेक्ट्रिक गिटार घेतली. गिब्सनच्या ३३५ मॉडेलच्या वळणाची: दोन हमबकर (दुहेरी गुंडाळीचे पिकअप, तारांचं कंपन टिपणारे), चार नॉब, तीन जागांचा स्विच. घेताना एवढंच बघितलं की नेक सरळ आहे आणि फ्रेट अजून झिजलेले नाहीत. पाठीवर आधीच्या मालकाच्या बकलाने खरवडलेला एक मोठा ओरखडा आहे. तो मला आवडतो, त्याला हात लावणार नाही.

बाकी कुरबुरी भरपूर. नेक पिकअपचा व्हॉल्यूम फिरवला की खर्रर्र होतं. केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच आवाज येतो. जी ची तार सुरात आणताना मधेच ‘टंग्’ करते आणि एकदम पुढे उडी मारते. मोकळी ए जोरात वाजवली की ब्रिजपाशी (अंगावर तारा टेकतात तिथे) काहीतरी झिणझिणतं. आणि नेक पिकअपचा आवाज म्हणजे गोधडीखालून कोणीतरी बोलतंय असा. व्हॉल्यूम १० वरून ७ वर आणला की गोधडी दुप्पट जाड.

यादी करून ठेवली आहे: दोन्ही पिकअप, चारही पॉट (नॉबखालचे फिरते रोधक), कॅपॅसिटर, स्विच, जॅक, नवा ब्रिज, ॲल्युमिनियमचा टेलपीस (तारांची मागची टोकं धरणारा), लॉकिंग ट्यूनर. डाख द्यायला हात बसलेला आहे, दोन-तीन पेडल घरी जोडली आहेत. पण काल गिटार उलटी केली आणि चक्रावलोच. पाठीला झाकणच नाही! सॉलिड बॉडीला मागे चार स्क्रू काढले की काम झालं. इथे आतला सगळा संसार बाहेर काढायचा कुठून? एफ-होलमधून (वरच्या f आकाराच्या भोकातून)?

आणि यादीतलं आधी काय घेऊ? सगळं एकदमच करून टाकावं असं वाटतंय, एकदाच काय तो त्रास.

डिस्टॉर्शन_दादा

पिकअप बदला, बाकीचं विसरा. आवाज पिकअपमधून येतो, ट्यूनरमधून नाही. अल्निको २ (चुंबकाचा प्रकार) चा नेकला, अल्निको ५ चा ब्रिजला. काम तमाम.

कानसवाला

दादा, एवढी घाई नको.

सहातारा, यादी आठ दिवस बाजूला ठेवा. एकदम सगळं बदललंत तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही, आणि काही बिघडलं तर शोधायचं कुठे? मी बरीच वर्षं लोकांच्या गिटारी उघडतोय. पिकअपवर खापर फोडून आलेल्यांतल्या अर्ध्यांचं दुखणं नट नाहीतर पॉट असतं. (नट म्हणजे खाचांची पट्टी, रंगभूमीवरचा नव्हे. तोही अडतो म्हणा.)

ते ‘टंग्’ म्हणजे नटच. तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर डी आणि जी च्या तारा नटातून निघून बाहेरच्या बाजूला वळतात, खाचेच्या भिंतीला घासतात, अडकतात आणि ताण वाढला की एकदम सुटतात. लॉकिंग ट्यूनरने हे जाणार नाही. ते तार खुंटीवर घट्ट धरतात, अडतंय तर त्याच्या अलीकडे. खाच तारेपेक्षा केसभर रुंद हवी आणि खुंटीच्या दिशेने किंचित उतरती. नटाच्या खाचांसाठी तारेच्या जाडीची वेगळी कानस मिळते, तीच वापरा. दोन-चार हात मारा, तार बसवा, बघा, परत मारा. खोली वाढवू नका, फक्त भिंती. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर किणकिणते, मग नवा नट. शेवटी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा.

आता गोधडी. काही न उघडता एक मोजमाप करा. गिटारला केबल लावा, सगळे नॉब १० वर, स्विच नेकवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर मल्टिमीटर. जो आकडा येईल तो जवळपास पिकअपचाच. ७ ते ८.५ के (किलोओम) च्या आसपास असेल तर पिकअप नेहमीच्या जुन्या वळणाचा आहे, त्याला दोष देऊ नका. मग पेचकसाने तो खाली घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधे ३ मि.मी. जागा राहू द्या, आणि वरचे सहा स्क्रू थोडे वर काढा. निम्मी गोधडी इथेच उतरते, फुकटात.

उरलेली निम्मी वायरिंगमध्ये. हमबकरला पॉट ५०० के चे, पण सहसा २० टक्के इकडे-तिकडे चालतं असं धरलेलं असतं. म्हणजे ५०० छापलेला पॉट ४०० चाही निघतो. चार हवे असतील तर सहा घ्या, मोजा, त्यातले चढे नेकला लावा. व्हॉल्यूम ७ वर आणल्यावर जे मंदावतं त्यावर जुना उपाय आहे, १९५० च्या दशकातलं वायरिंग: टोनचा कॅपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या पायावरून काढायचा आणि मधल्या पायावर लावायचा. कॅपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा. व्हॉल्यूम उतरवला तरी धार टिकते. मात्र त्यानंतर टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांच्या कामात नाक खुपसतात, त्याची सवय करावी लागते.

मोठे पॉट घेण्याआधी भोकं मोजा. मोठ्या पॉटचं अंग साधारण २४ मि.मी. आणि त्याला ९.५ मि.मी. चं भोक लागतं. तुमच्या गिटारीत बहुधा १६ मि.मी. चे छोटे पॉट आणि ७-८ मि.मी. ची भोकं निघतील. ड्रिल लावू नका, हात जोडतो. वरची फळी प्लायसारखी थरांची असते, ड्रिल तिला पकडतं आणि रंगासकट टवका उडवतं. निमुळता रीमर (भोक रुंदावायचं हत्यार) हाताने फिरवा, अडला तर उलटा फिरवा. आणि मुळात २४ मि.मी. चा पॉट तुमच्या एफ-होलमधून जातो का, ते आधी बघा. मोठा पॉट म्हणजे मोठा आवाज ही अंधश्रद्धा आहे. चांगले छोटे पॉट लावून मोकळे व्हा.

बाहेर काढायची रीत: हो, एफ-होलमधूनच. काही गिटारींत ब्रिज पिकअपखालचा मधला लाकडी ठोकळा एका बाजूने कापलेला असतो, तसं असेल तर तिथून जास्त सोपं. टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन आधी आत डोकावा. मग नॉब काढा आणि पॉट आवळणारे पेचाचे नट सोडवण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला तंगूस बांधा, चिकटपट्टीवर १, २, ३, ४ लिहून. पॉट आत पडला तरी तंगुसाचं टोक बाहेर राहतं. परत बसवताना माशांच्या टाकीची लवचिक नळी दांड्यावर चढवून भोकातून ओढली की पॉट शहाण्यासारखा वर येतो. जॅकला दांडा नाही, तिथे ६ मि.मी. जाडीची नळी जॅकच्या तोंडात खुपसायची, आतली पट्टी तिला धरून ठेवते. नवं वायरिंग गिटारीत जोडू नका. भोकांवर पुठ्ठा ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या, पुठ्ठ्याला भोकं पाडा, पॉट त्यावर बसवा आणि सगळा डाख तिथेच द्या.

माझी पहिली सेमी-हॉलो सांगतो. पुठ्ठ्यावर वाजवून पाहिलं, सुरेख. आत बसवलं, मुकी. बाहेर काढलं, सुरेख. परत आत, मुकी. तिसऱ्या वेळी आरसा घातला तेव्हा दिसलं: पिकअपची वायर जुन्या पद्धतीची, बाहेरून उघड्या जाळीची. आत कोंबताना ती जाळी वाकून व्हॉल्यूमच्या पायाला टेकत होती आणि सगळा सिग्नल अर्थला जात होता. एक रविवार गेला. तेव्हापासून उघड्या जाळीवर उष्णतेने आवळणारी नळी चढवल्याशिवाय मी काही आत ढकलत नाही.

आणि डिस्टॉर्शनदादा, पिकअप घ्यायचेच झाले तर मेणात बुडवलेले आहेत की नाही ते विचारा. १९५८ साली ३३५ आली ती मधे मेपलचा ठोकळा घेऊनच, शिट्टी (फीडबॅक) आवरावी म्हणून. तरी पोकळ अंग ते पोकळ अंग. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाच्या १९८० च्या ल्युसील मॉडेलला तर एफ-होलच ठेवले नाहीत. बिनमेणाचा पिकअप हलक्या आवाजात फार गोड लागतो, पण तुमच्यासारखा गेन लावला की किंचाळतो.

तिसरी_पट्टी

कानसवाल्यांनी ब्रिज सोडून दिला म्हणून मी लिहिते. झिणझिण ब्रिजचीच आहे असं धरू नका. तार वाजवताना एकेका सॅडलवर (ब्रिजवरच्या, तार टेकते त्या तुकड्यावर) बोट दाबून बघा. कुठल्या एकावर थांबली तर तोच सैल आहे, त्याच्या स्क्रूच्या टोकाला नेलपॉलिशचा थेंब पुरतो. कशावरच थांबली नाही तर आतली एखादी वायर वरच्या फळीला टेकून नाचत असेल. माझ्या गिटारीत तेच निघालं, स्पंजचा तुकडा लावून बांधली.

नवा ब्रिज घेणारच असाल तर नुसतं ‘बसेल ना’ विचारू नका. दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा (साधारण ७४ मि.मी. असतं), खांबांची जाडीही मोजा. गिब्सनच्या जुन्या एबीआर-१ ब्रिजच्या पद्धतीचे खांब बारीक, आणि बऱ्याच गिटारींत लाकडात बुश (धातूची नळी) ठोकून जाड खांब असतात. एकाचा ब्रिज दुसऱ्यावर चढत नाही. टेलपीसच्या एका बुशखाली तारांची अर्थ वायर असते. बुश उपटून काढलात तर ती सुटते आणि मग रात्रभर घूं ऐकत बसा.

ट्यूनरचंही तेच. भोक १० मि.मी. चं की ८.५ च्या आसपासचं ते बघा, आणि वजन बघा. सेमी-हॉलोचं अंग हलकं असतं. मी जड लॉकिंग ट्यूनर लावले आणि गिटार पट्ट्यावर सोडली की डोकं खाली घालते, शाळेत ओरडा खाल्ल्यासारखी. परत जुनेच लावले.

हौशी_सहातारा

तीन आठवड्यांनी हजर होतोय.

नट: कानस घेतली, जी ला तीन वेळा आणि डी ला दोन वेळा हात मारला. ‘टंग्’ गेलं. लॉकिंग ट्यूनर यादीतून खोडले. झिणझिण बी च्या सॅडलची होती, वाजवत होतो ए! हे मला बोट ठेवून बघितल्याशिवाय सात जन्मांत कळलं नसतं. ब्रिजही खोडला.

मीटरवर नेक ७.६, ब्रिज ८.१. नेक पिकअप खाली घेतला, स्क्रू वर काढले आणि थोडा वेळ नुसताच वाजवत बसलो. तोच पिकअप. आता बोलतोय, गोधडीबाहेर येऊन.

मग हिंमत करून आतलं सगळं काढलं. नेकच्या व्हॉल्यूमवर बी५००के छापलेलं, मोजला तर ३९०. आणि ‘बी’ म्हणजे सरळ चढणीचा पॉट, म्हणून १० ते ७ मधे आवाज फारसा कमी होत नव्हता आणि खाली एकदम गडप व्हायचा. आता सगळे ‘ए’ घेतले, छोटेच. पुठ्ठ्याची युक्ती अफाट आहे. तंगूस मात्र दोन क्रमांकांचे एकमेकांत गुंतले आणि ब्रिजचा टोन नेकच्या भोकातून डोकं काढून हसायला लागला. एक वॉशर आत पडला, गिटार डोक्यावर धरून हलवत होतो तेव्हा बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

नवं वायरिंग मधल्या पायावर. व्हॉल्यूम ६ वर ठेवून नेक वाजवतोय, हा आवाज या गिटारीत होता हेच माहीत नव्हतं.

इथे थांबायला हवं होतं. पण त्याच फेरीत ब्रिजचा पिकअप बदलला, निव्वळ हौस म्हणून. जुन्या पद्धतीच्या जाळीच्या वायरचा, दिसायला सुंदर. (जाळीवर नळी चढवली, कानसवाले.) एकटा ब्रिज मस्त. एकटा नेक मस्त. स्विच मधे आणला की आवाज पातळ, नाकातून, बास गायब. काय चुकलं?

कानसवाला

हौसेला मोल नसतं, वेळ मात्र जातो.

काही चुकलं नाही, दोन पिकअपची फेज उलटी आहे. एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. वेगवेगळ्या ठिकाणचे पिकअप एकत्र आणले की असं होतं. बसवण्याआधी दोन्हींना मीटर लावून वर पेचकस टेकवायचा आणि झटकन उचलायचा. उचलताना एकाचा आकडा वर उडी मारतो आणि दुसऱ्याचा खाली, तर ते भांडणार. हे आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही एकच बदलाल असं वाटलं नव्हतं.

नव्या पिकअपच्या वायरी उलट करता येणार नाहीत. जाळी कव्हरला जोडलेली असते, उलट केलीत तर कव्हरच सिग्नल होईल आणि हात लागला की घूं. कव्हर उघडून चुंबक उलटा बसवणं हा एक मार्ग, पण नव्या कोऱ्या पिकअपचा डाख तोडायला मी सांगणार नाही. त्याआधी जुन्या नेक पिकअपची वायर बघा. वेष्टणाच्या आत दोन वेगळ्या वायरी आणि तिसरी नुसती जाळी असेल तर सुटलात: दोन वायरींची अदलाबदल करा, जाळी अर्थलाच राहू द्या. पाच मिनिटांचा डाख.

आणि नाहीच केलंत तरी चालेल. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारीचा मधल्या जागेवरचा आवाज याच भांडणातून आलेला, लोक तो मुद्दाम करून घेतात.

हौशी_सहातारा

आत आरसा घालून बघितलं, दोन वायरी आणि जाळी आहे. पाच मिनिटांचा डाख, आणि तिथवर पोचायला परत सगळं एफ-होलमधून बाहेर. तंगूस अजून फेकला नव्हता, बरं झालं. तोवर दोन-तीन दिवस पीटर ग्रीन.