मदत हवी आहे: इंग्रजी वाक्यदुरुस्तीत मॉडिफायर कसा पकडायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसून बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. गणित जमतंय, इंग्रजीत मात्र घोडं पेंड खातंय.

पॅरललिझम, म्हणजे वाक्यातले जोडीचे भाग एकाच साच्यात ठेवणं, थोडंफार कळलं. 'ही लाइक्स रनिंग, स्विमिंग अँड टू रेसल' यात शेवटी 'रेसलिंग' हवं, हे आता चटकन दिसतं. पण 'शी नॉट ओन्ली सेल्स मिसळ बट ऑल्सो भडंग' हे मला बरोबरच वाटलं होतं! 'नॉट ओन्ली' हे 'सेल्स'नंतर हवं म्हणे, म्हणजे दोन्हीकडं नुसती नामं येतात.

खरी गोची मॉडिफायरची, म्हणजे वाक्यातल्या एखाद्या नामाबद्दल जादा माहिती सांगणाऱ्या शब्दांची. 'वॉकिंग अलाँग रंकाळा, द टेंपल लुक्ड ब्यूटिफुल' हे चूक, कारण फिरतंय देऊळच असा अर्थ होतो. आता मराठीत 'रंकाळ्यावर फिरताना देऊळ सुंदर दिसलं' म्हटलं तर कोण अडवतंय? '-ताना'चा कर्ता आपण मनातच धरतो. त्यामुळं डोळ्याला चूक खुपतच नाही.

स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम बघायचं, एवढी युक्ती माहीत आहे. पण मॉडिफायर वाक्याच्या शेवटी आला तर काय बघायचं? घड्याळ लावून सोडवणारं कुणी असेल तर सांगा राव, परीक्षा तोंडावर आलीय.