मदत हवी आहे: सरावात ६२५, स्पर्धेत ६१०. नेमबाज मुलीला कसं सावरू?

नमस्कार मंडळी,

माझी लेक सोळा वर्षांची, दहा मीटर एअर रायफल खेळते. आम्ही कोल्हापूरचे. सरावात तिचे ६२४-६२५ सहज होतात. गेल्या तीन स्पर्धांत मात्र ६१२, ६०९, ६१०.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: ६० शॉट, ७५ मिनिटं, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. छातीतली धडधडसुद्धा तिथे गुण खाते.

मागच्या वेळी मी मागे बसून बघत होते. सायटिंगची (आधीच्या, गुण न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटची) १५ मिनिटं छान गेली. मोजायचे शॉट सुरू झाले आणि चौथाच ८.९ लागला. तिने रायफल स्टँडवर टेकवली, उजव्या हाताची बोटं दोन-तीनदा उघडली-मिटली, आणि मग जी घाई सुरू केली ती शेवटपर्यंत. एरवी तासभर घेणारी पोर ४१ मिनिटांत मोकळी झाली. जॅकेटचे पट्टे सोडताना म्हणाली, "आई, एकदाचं संपवून टाकायचं होतं गं." ते वाक्य डोक्यातून जातच नाही.

सर सांगतात, "विचार करू नकोस." पण म्हणजे नेमकं करायचं काय, ते तिला उमगत नाही. त्यात घरी आलेला प्रत्येक पाहुणा तेजस्विनी सावंत आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे या आमच्या कोल्हापूरकडच्याच नामवंत नेमबाजांचं नाव घेतो. कौतुकानेच घेतात, पण ती गप्प होते. परतताना गाडीत गुणांचा विषय काढायचा नाही, हे मी यांना बजावलंय.

एका ओळखीच्यांनी धडधड कमी करायची गोळी सुचवली होती. कृपया तसलं काही सुचवू नका. बीटा-ब्लॉकर औषधांवर नेमबाजीत बंदी आहे, स्पर्धा नसतानाही.

इथे कुणी नेमबाज, तिरंदाज किंवा त्यांचे पालक असतील तर सांगा: वाईट शॉट गेल्यावर पुढचा घेईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय करता? श्वास मोजता, एखादा ठरलेला शब्द म्हणता, की गुण दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघतच नाही? आणि क्रीडा मानसतज्ज्ञांकडे जायचं तर व्हिडिओ कॉलवर उपयोग होतो, की प्रत्यक्षच भेटावं?

पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. खेळ सोडायचाय का, असं मी तिला सरळ विचारलं. नाही म्हणाली.