आठ-दहा वर्षांच्या मुलांना संगीताचा इतिहास कशातून शिकवावा?

मंद्रसप्तक:
नमस्कार. माझ्याकडे रविवारी सकाळी नऊ मुलं गाणं शिकायला येतात, वय आठ ते अकरा. अलंकार, सरगमगीतं, भूप-दुर्गा या रागांतल्या छोट्या बंदिशी असं चाललंय आणि मुलं मनापासून गातात. मागच्या महिन्यात एकीने मध्येच विचारलं, "ताई, हे पहिल्यांदा कोणी म्हटलं?" मला धड उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलं. आता शेवटची पंधरा मिनिटं इतिहासासाठी ठेवायची असं ठरवलंय.

पण साहित्य कुठून आणू? माझ्याकडची पुस्तकं सगळी परीक्षेची. संगीतशास्त्रकार भातखंडे, जन्म १८६०, मृत्यू १९३६, कार्य थोडक्यात लिहा. एकदा हेच फळ्यावर लिहून पाहिलं, तर मुलं चटईच्या काड्या उपसत बसली. इंटरनेटवर लहान मुलांसाठी शोधलं की मोत्झार्ट आणि बीथोव्हन भरपूर मिळतात. आपल्याकडचं म्हणावं तर तानसेनाने गाऊन दिवे पेटवले, इथेच गाडी थांबते. कोणी मुलांना हे शिकवलं असेल तर कृपया सांगा.

जुनी_तबकडी:
ताई, त्या मुलीचा प्रश्न लाखमोलाचा आहे, तिथूनच सुरुवात करा. मी शाळेत बरीच वर्षं संगीत शिकवलं. माझा अनुभव असा की आधी आवाज ऐकवावा, सनावळी मागून आपोआप येते.

गायिका गौहर जान यांचं १९०२ च्या सुमाराचं एखादं ध्वनिमुद्रण लावा. पहिलं अर्धं मिनिट मुलं हसतील, कारण खरखर खूप आणि पट्टी (गाण्याचा मूळ सूर) उंच. हसू द्या. गाणं संपता संपता बाई ठणकावून सांगतात, "माय नेम इज गौहर जान." लगेच हात वर होतात: नाव कशाला सांगितलं? मग सांगायचं, की गाणं कोलकात्यात मुद्रित व्हायचं आणि तबकडी निघायची जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना हे कोण गातंय ते कळावं म्हणून. मायक्रोफोनही नव्हता, भोंग्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने गायचं. विजेवरचं मुद्रण आलं १९२५ मध्ये.

त्यानंतरचा तास माझा सगळ्यात आवडता. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. मुलांना घड्याळ लावून त्यांचीच बंदिश तीन मिनिटांत बसवायला सांगा. आलाप किती, ताना ठेवायच्या की अंतरा दोनदा घ्यायचा, यावर अशी खडाजंगी होते! तासभराचा ख्याल गाणाऱ्या उस्तादांपुढे काय पेच होता, ते समजावून सांगावं लागत नाही. मग गायक अब्दुल करीम खाँ आणि त्यांची गायिका मुलगी हिराबाई बडोदेकर यांना पाठोपाठ ऐकवा.

इंटरनेट अर्काइव्हवर ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या फुकट ऐकता येतात, आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिकचा संग्रहही चांगला आहे. यूट्यूबवर मात्र नाव, राग, साल दोन ठिकाणी ताडून घ्या. कित्येकदा तबकडी चुकीच्या वेगाने वाजवलेली असते आणि गवयाची पट्टी भलतीकडेच जाते.

कडकडीत_तबला:
वाद्यं विसरू नका. भरताच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथात वाद्यांचे चार प्रकार दिलेत: तत, सुषिर, अवनद्ध, घन. म्हणजे तारेची, फुंकीची, कातड्याने मढवलेली आणि आपटून वाजणारी. मुलांना घरून वाजेल ते काहीही आणायला सांगा आणि चार ढीग करा. माझ्या पुतण्याने रबर ताणून लावलेला बुटाचा खोका आणला होता, तो तत की अवनद्ध यावर अर्धा तास गेला. पेटीची पाळी आली की तर विचारूच नका. ती वाऱ्यावर वाजते म्हणून सुषिर, पण फुंकायची नाही! पेटी मूळची युरोपातली, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, हे रोज पेटीवर सूर धरणाऱ्या मुलांना सांगून बघा. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयातला वाद्यांचा विभाग जरूर दाखवा.

ओवी_गाते:
तानसेनाच्या गोष्टी टाकू नका. "ही गोष्ट आहे" असं सांगून सांगा, मुलांना फरक कळतो. त्याच्याही आधीचं हवं असेल तर तेराव्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. दौलताबादचा किल्ला चढून आलेल्या मुलांना ही जागा लगेच डोळ्यांपुढे येते.

आणि "पहिल्यांदा कोणी म्हटलं" याचं उत्तर कित्येकदा बंदिशीतच असतं. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, रचनाकाराची मुद्रा, म्हणजे त्याने गुंफलेलं आपलं नाव, शोधायला लावा. 'सदारंग' म्हणजे नियामत खाँ, अठराव्या शतकात मुघल बादशहा मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातले. 'चतुर' म्हणजे खुद्द भातखंडे.

मंद्रसप्तक:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्रेचं मला माहीत होतं, पण मुलांना सांगावं हे कधी सुचलंच नव्हतं.

काल गौहर जान ऐकवल्या. हसले, मग गप्प झाले, मग पुन्हा लावायला सांगितलं, असं चार वेळा. नंतर माझी जुनी वही मध्ये ठेवली आणि म्हटलं, यात नावं शोधा. ज्या मुलीने विचारलं होतं तिलाच 'सदारंगीले' सापडलं. पानावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, यांनी पण शेवटी नाव सांगितलंय."

तीन मिनिटांची बंदिश पुढच्या रविवारी. खोके आणि डबे त्याच्या पुढच्या.