बोअरच्या पाण्यात निऑन टेट्रा तगतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. भाचीच्या हट्टापायी दोन फुटी टाकीत निऑन टेट्रा मासे आणलेत. घरी बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 900 च्या आसपास. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरतो, तो ब्लेडनं खरवडावा लागतो. आणि हा मासा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, मऊ (कमी क्षारांच्या) आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला!

रात्री लाईट बंद केली की त्यांची निळी रेघ फिकी पडते, उजेडात परत चमकते. ते नैसर्गिकच. पण एकाची रेघ आता दिवसाही मधेच तुटल्यासारखी दिसतेय, पाठीवर पांढुरका डाग आहे आणि तो थवा सोडून फिल्टरच्या आडोशाला एकटाच थांबतोय. निऑन टेट्रा डिसीज असेल का? त्याला खात्रीचं औषध नाही असं वाचलंय, म्हणून वेगळ्या बरणीत काढून ठेवलाय. दुकानदाराचं एकच पालुपद, "मीठ टाका, काही होत नाही."

आरओचं पाणी बोअरच्या पाण्यात किती मिसळावं? एकदम बदललं तर मासे दगावतील ही धास्ती आहे. पाणी किंचित आम्लधर्मी करायला देशी बदामाची वाळलेली पानं कुणी वापरलीत का?

दुसरं म्हणजे उन्हाळा. या माशाला 25 अंशांपर्यंत बरं, आपल्याकडं मे महिन्यात बाहेर 42. त्यात लाईट गेली की पंखाही बंद, एअर पंपही बंद. बीड, परभणी, नांदेडकडचे लोक काय करतात? की सरळ झेब्रा डॅनिओ पाळावेत? ते आपल्याच देशातले, काटकही. भाचीला मात्र निळी रेघच हवी.