अनुभव धागा : उधारीची वही आणि रोजचा हिशेब

जूनमध्ये पेरणीसाठी दिलेली उधारी कापसाचा चुकारा हाती येईपर्यंत वहीतच राहते, त्यामुळे आपल्या भागात हिशेब लिहिणे हे मार्चअखेरचे नव्हे, रोजचे काम आहे. आपण हिशेबाची कोणती सवय लावली आणि ती कशामुळे लावावी लागली, हे प्रत्येकाने तपशिलासह लिहावे, ही विनंती.

कृषी सेवा केंद्र, दारव्हा तालुका
वडिलांच्या काळापासून आमच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाईकाच्या नावापुढे फक्त रक्कम असे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कापूस गेला, अनेकांची उधारी पुढच्या हंगामावर गेली आणि त्या वसुलीच्या वेळी एका काकांनी बियाण्याच्या दोन पिशव्या नेल्याच नसल्याचे सांगितले. ते खोटे बोलत नव्हते. माल त्यांच्या भाच्याने नेला होता आणि मी तसे लिहिले नव्हते. तेव्हापासून तारीख, माल, नग, दर आणि नेणाऱ्याचे नाव गिऱ्हाईकासमोरच लिहितो व सही घेतो. दिवाळीनंतर बाकी काढून तिच्याखाली पुन्हा सही घेतो, कारण अशा उधारीच्या वसुलीचा दावा करण्यास कायद्याने साधारणपणे 3 वर्षांची मुदत असते आणि ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. मी आजवर कोणावर दावा केलेला नाही आणि करण्याची इच्छाही नाही. सही मागितल्याने माणसे दुखावतील अशी मला भीती होती. प्रत्यक्षात त्या निमित्ताने दोघेही आकडा नीट पाहतात आणि चूक असली तर तिथेच दुरुस्त होते.

महिला बचत गट, वर्धा जिल्हा
आम्ही हळदपूड आणि मसाले विकतो. बचत गटाने पाळायच्या पाच नियमांत, म्हणजे पंचसूत्रीत, नियमित हिशेबलेखन असल्यामुळे बैठकीचे रजिस्टर चोख होते, परंतु बचत आणि धंदा दोन्ही त्याच रजिस्टरात लिहिल्यामुळे हळदीत नफा किती, हे कळत नव्हते. आता धंद्याची वही वेगळी आहे आणि तीत रुपयांबरोबर वजनही लिहितो: हळकुंड किती घेतले, दळून पूड किती आली, पाकिटांत किती भरली. दळणातली घट आणि आमची स्वतःची मजुरी धरल्यावर जुना दर तोट्याचा होता, हे पहिल्याच महिन्यात दिसले.

वेल्डिंग वर्कशॉप, मेहकर तालुका
धंद्याचे बँक खाते वेगळे केले आणि दुकानातला क्यूआर कोड त्याच खात्याला जोडला. घरखर्चासाठी महिन्याला ठरावीक रक्कम उचलतो आणि ती उचल म्हणूनच लिहितो.

किराणा, गोंदिया जिल्हा
रात्री गल्ला मोजल्याशिवाय मी दुकान बंद करत नाही. सकाळची शिल्लक, दिवसाची रोख विक्री व वसुली, दिलेले पैसे आणि हाती उरलेली रोकड जुळली नाही, तर फरक त्याच रात्री शोधतो, कारण दुसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही. नवीन दुकानदारांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. जीएसटी नोंदणी असेल, तर त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेबाची कागदपत्रे जपावी लागतात. परंतु यंत्रातून निघणारी गुळगुळीत कागदाची बिले आपल्या उन्हाळ्यात एका हंगामातच कोरी पडतात. माझी खरेदीची बरीच बिले अशी गेली. आता बिल आले की त्याच दिवशी झेरॉक्स काढून महिन्याच्या फाइलमध्ये लावतो.